काळ्याला काढलं की मारामारी थांबेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आठ महिन्यांपूर्वी दुकानातून ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून बारा छोटे मासे आणले, त्यातले आज सात उरलेत. एक काळा, अंगावर फिकट निळसर आडवे पट्टे. दोन पिवळे, काळ्या आडव्या पट्ट्यांचे. एक निळा, उभ्या पट्ट्यांचा. दोन नारिंगी. आणि एक संपूर्ण पिवळा, तुमच्या मुलीचा लाडका. काळा सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडून ठेवतो. पिवळा हीटरच्या मागे उभा असतो, शेपटी कुरतडलेली. दुकानदार म्हणतो आणखी पंधरा मासे सोडा, भाऊ म्हणतो काळ्याला काढून टाक. बरोबर कोण?

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. पिवळ्याला आत्ताच बाहेर काढा. मोठी बादली, त्यात टाकीतलंच पाणी, एअर पंपावर चालणारा छोटा स्पंज फिल्टर आणि वर भोकं पाडलेलं झाकण. हीटरमागे लपून खायलाही पुढे न येणारा मासा उद्यापर्यंत तग धरेलच असं नाही. झाकण विसरू नका. मारामारीतून वाचवलेले आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडले, असे मासे माझ्या खात्यावर काही कमी नाहीत.

झालं? आता बोलू.

तुमच्या भावाचं आणि दुकानदाराचं, दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण अर्धाच सल्ला अमलात आणला तर तुमचे उरलेले सहा मासेही जातील.

आधी भावाचं घेऊ. तुमचा काळा म्हणजे ऑराटस, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. चार-साडेचार इंचांच्या वर फारसा जात नाही, पण त्याच्या आकाराच्या माशांत इतका खुनशी मासा मी क्वचितच पाहिलाय. दुकानात पिल्लं असताना हे सगळे पिवळेधमक आणि काळ्या पट्ट्यांचे असतात. सुंदर दिसतात, स्वस्त असतात, म्हणून प्रत्येक ‘मिक्स’मध्ये हटकून येतात. माद्या आयुष्यभर तशाच राहतात. नर मोठा होऊन टाकीचा मालक झाला की त्याचा रंग उलटतो, पिवळा जातो आणि अंग काळपट होतं. आता महत्त्वाची गोष्ट: जो नर मालक झालेला नाही तो रंग बदलत नाही. तो मादीसारखाच पिवळा राहतो. तुमच्या टाकीत पिवळ्यावर काळे पट्टे असलेले दोन मासे आहेत ना? त्यांना माद्या समजू नका.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या तीन फुटी टाकीत असाच एक काळा होता आणि माझ्या हिशेबाने चार माद्या. काळ्याने दोन महिन्यांत तीन मासे मारल्यावर एका संध्याकाळी त्याला पकडून मित्राकडे नेऊन सोडला. घरी आलो, निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसलो तर चारांतली सगळ्यात मोठी ‘मादी’ काळ्याच्या कुंडीच्या तोंडाशी, अगदी त्याच जागी, त्याच तिरक्या पवित्र्यात उभी. पंख ताणलेले. जवळून पाहिलं तर पोटाचा पिवळा रंग मळल्यासारखा दिसत होता, जणू कंदिलाची काजळी बोटाने पुसून लावलीय. आठवड्याभरात ती ‘मादी’ पुरती काळवंडली आणि पंधराव्या दिवशी तिने, म्हणजे त्याने, पहिला बळी घेतला.

याला प्रयोगशाळेतला दुजोराही आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या गटाने टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनी नावाच्या सिक्लिडवर, म्हणजे तुमच्या मलावी माशांच्याच कुळातल्या माशावर, अनेक वर्षं काम केलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात टाकीतला दादा नर दिवे लागायच्या आधी, अंधारातच उचलला होता. दिवे लागले, दबून राहिलेल्या नराला गादी रिकामी दिसली आणि काही मिनिटांतच त्याच्या अंगावर रंग चढला, तो इतरांवर धावून जाऊ लागला. २००७ साली याच गटाने दाखवलं की कोण कोणाला हरवतो हे नुसतं काठावरून पाहूनही हे मासे मनात क्रम लावतात. म्हणजे काळा पिवळ्याला मारत असतो तेव्हा बाकीचे पाच जण नुसते लपलेले नसतात. ते हिशेब करत असतात.

म्हणून काळा जायलाच हवा, पण तो एकटा गेला तर त्याची जागा भरली जाईल, एवढंच. दोन पिवळ्या पट्टेवाल्यांपैकी एक, किंवा तो निळा. फोटो न बघता निळ्याचं पक्कं सांगत नाही, पण ‘मिक्स’मधला निळा, उभ्या पट्ट्यांचा मासा बऱ्याचदा केनयी निघतो. त्याची गंमत ऑराटसच्या उलट आहे. माद्या आणि पिल्लं निळी, मोठा नर पिवळा. निळ्याच्या अंगावर पिवळसर झाक यायला लागली असेल तर समजा की दुसरा दादा तयार होतोय. स्वभावाने तो ऑराटसपेक्षा फार सौम्य नाही.

आता हे मासे असे का वागतात ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. मलावी सरोवर साधारण ५८० किलोमीटर लांब आहे. त्याच्या खडकाळ किनाऱ्याला धरून राहणाऱ्या माशांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. खडकावर शेवाळाचा थर वाढतो, तेच यांतल्या बहुतेकांचं शेत. नर आपल्या खडकाचा तुकडा राखतो, कारण तिथे खायला असतं आणि मादी अंडी घालायला तिथेच येते. दुसरा नर आला की पंख ताणून आडवा उभा राहतो, शेपटीने पाणी फेकतो, तोंडाला तोंड लावून ढकलतो. हरलेला मासा दोन-तीन मीटर लांब जातो आणि तंटा तिथे संपतो. जिंकणाऱ्याला त्याला मारायचं नसतं, हाकलायचं असतं. तुमच्या टाकीत हरलेला मासा चार फूट पळतो आणि काचेला धडकतो. मारणाऱ्याच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच असतो. म्हणून तो पुन्हा मारतो. मासा वाईट म्हणून कोणी मरत नाही, पळायला जागा नाही म्हणून मरतो.

तेव्हा या शौकात जे काही करायचं ते एवढंच: हरणाऱ्याला पळायला जागा द्यायची, नाहीतर मारणाऱ्याचं लक्ष विभागायचं. भांडण शून्यावर आणण्याचा नाद सोडा. भांडण अजिबात न करणारे मलावी मासे आजारी असतात.

लक्ष विभागण्यावरून दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. दाटी केली की मारामारी कमी होते, हे खरंच आहे. सात मासे असले की काळ्याला रोज तेच सहा चेहरे दिसतात, सगळ्यात दुबळा कोण हे ठाऊक होतं आणि दिवसभर त्याच्याच मागे लागता येतं. वीस मासे असले की एकाच्या मागे धावता धावता मध्ये दुसरा येतो, तोवर तिसरा त्याच्या दगडाशी पोचलेला असतो. कोणा एकाचा जीव जाईपर्यंत पाठलाग होत नाही. पण दुकानदाराने अर्धंच सांगितलं. एक म्हणजे, पुन्हा ‘मिक्स’ पंधरा आणलेत तर त्यात आणखी तीन ऑराटस आणि दोन केनयी येतील आणि सहा महिन्यांनी आपण हेच बोलत बसू. दुसरं, आजच्या टाकीत, काळ्याच्या आजच्या दगडांत, एक इंचाची पंधरा पिल्लं सोडलीत तर ती त्याला खेळायला मिळतील. आणि तिसरं, वीस माशांची घाण तुमचा आत्ताचा टॉप फिल्टर पेलेल का, हे त्याने विचारलंच नाही.

दाटीचा खेळ कोणत्या माशांवर चालतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझं स्पष्ट मत: चार फुटांत ऑराटस आणि केनयी ठेवू नयेत. सहा फुटी टाकी असती, एका नराला पाच-सहा माद्या असत्या, तर विचार केला असता. चार फुटांत नाही. कोणी म्हणेल की माझ्याकडे तीन वर्षं आहे, काही करत नाही. असेल. तो एक नर शांत निघाला असेल किंवा त्याच्याकडे माद्याच असतील.

तुमच्या टाकीला मी तीन जाती देईन. येलो लॅब सहा-सात, रस्टी सहा-सात, पावडर ब्लू पाच-सहा. एकूण अठरा-एकोणीस. येलो लॅब हा तुमच्या मुलीचा पिवळा असण्याची दाट शक्यता आहे. मलावीच्या मानाने फारच समजूतदार मासा, खडकातले बारीकसारीक किडे शोधत हिंडणारा, जागा राखण्याचं त्याला फारसं वेड नाही. रस्टी जांभळट-तपकिरी, दुकानात कोणाच्या नजरेत भरत नाही, पण घरी सहा महिन्यांनी सगळ्यात जास्त तोच आवडायला लागतो. पावडर ब्लू या तिघांत जरा तापट, म्हणून त्याची संख्या कमी.

या निवडीत रंग मुद्दाम वेगळे ठेवलेत, शोभेसाठी नाही. नराला सगळ्यात जास्त राग येतो तो स्वतःसारख्या दिसणाऱ्या माशाचा. त्याच्या लेखी तो प्रतिस्पर्धी. म्हणून येलो लॅबबरोबर साउलोसी घेऊ नका, त्याच्या माद्या पिवळ्या असतात. दोन वेगळ्या जातींचे निळे, उभ्या पट्ट्यांचे नर एकत्र नकोत. सारखे दिसणारे मासे एकमेकांशी जोडीही जमवतात आणि मग जी पिल्लं होतात ती ना या जातीची ना त्या. ‘मिक्स’ टाक्यांतून निघणारे अर्धे मासे असेच असतात, आणि मोठेपणी कसे वागतील याचा काही अंदाज बांधता येत नाही.

नर-मादीचं प्रमाण एका नराला निदान तीन माद्या. नर जोडी जमवायच्या तयारीत असला की मादीच्या मागे हात धुऊन लागतो. एकच मादी असेल तर ती थकून मरते. पिल्लं विकत घेताना नर-मादी ओळखता येत नाहीत, म्हणून सहा-सात पिल्लं एकदम घ्यायची, मोठी झाल्यावर जास्तीचे नर काढायचे. या कामाला वर्ष लागतं. घाई असेल तर हा शौक नको.

आता दगड. यावर मी लांबण लावणार आहे, कारण माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्या बहुतेक टाक्यांत दगड कमी असतात किंवा चुकीचे रचलेले असतात. मधोमध एक प्लास्टिकचा किल्ला, एक मोडकं जहाज, बाकी उघडं मैदान. उघड्या मैदानात काळ्याला एका टोकावरून दुसरं टोक दिसतं, म्हणजे अख्खी टाकी त्याची. तुम्हाला नुसत्या गुहा नकोत, नजर अडवणाऱ्या भिंती हव्यात. दगड पाण्याच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत रचा, एकाऐवजी दोन-तीन ढीग करा आणि ढिगांमध्ये अशा वाटा ठेवा की पाठलाग करणाऱ्याला दोन वळणांनंतर पुढचा दिसेनासा व्हावा. दिसेनासा झाला की तो सोडून देतो. प्रत्येक भोकाला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाची गुहा म्हणजे पिंजरा. आत शिरलेला मासा तिथेच मार खातो.

महाराष्ट्रात दगडाला तोटा नाही. नदीतला गोलसर काळा बेसाल्ट उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. नीट घासून, उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. साबण नको. मातीच्या छोट्या कुंड्या कडेला फोडून आडव्या ठेवल्या तरी चालतात, प्लंबिंगच्या पाइपचे तुकडे दगडांमागे दडवले तरी. माशांना सौंदर्यदृष्टी नसते. माझ्या चार फुटीत साधारण ४५ किलो दगड आहे. पाणी, काच, दगड मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं, तेव्हा टाकीखालचा स्टँड काय लायकीचा आहे ते आधी बघा.

आणि दगड वाळूवर ठेवू नका. दगड आधी, थेट तळाच्या काचेवर पण खाली थर्माकोलचा किंवा प्लास्टिकच्या जाळीचा थर देऊन, आणि मग भोवती वाळू. हे मासे वाळू उपसतात. तोंडात भरून नेतात आणि लांब थुंकतात, रात्रंदिवस. मी सुरुवातीला वाळूवर दगड रचले होते. टाकीतल्या दादाने एका दगडाखालची वाळू पार काढून टाकली आणि पहाटे तीनच्या सुमाराला ढीग कोसळला. तळाची काच तडकली. मी उठेपर्यंत निम्मं पाणी हॉलमध्ये आणि बाकीचं खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताकडे निघालेलं. काकूंनी माझ्याकडून घर रंगवून घेतलं, त्यांचं काही चुकलं नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. मलावीचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच पावणेआठ ते साडेआठ. बोअरचं पाणी येत असेल तर बहुधा तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं, त्यासाठी फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून कोरलचे तुकडे ठेवा, पुरे. बाटलीतून रोज थेंब घालून आकडा गाठायच्या मागे लागू नका. आकडा स्थिर असणं आकडा नेमका असण्यापेक्षा मोलाचं आहे. मात्र एक सावधगिरी: पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी होतो. दाटीच्या टाकीत फिल्टर दुबळा असेल तर मासे मारामारीने मेले असं तुम्ही म्हणाल आणि प्रत्यक्षात ते घाणीने मेलेले असतील. तासाला टाकीच्या सहा ते दहापट पाणी फिरवणारा फिल्टर हवा. तुमच्या टाकीत दगड वगळता दोनशे लिटर पाणी धरा, म्हणजे तासाला बाराशे ते दोन हजार लिटरचा पंप. टॉप फिल्टर राहू दे, जोडीला एक कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्या. दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदला, हायपो (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारे खडे) टाकून. हे जमणार नसेल तर दाटीचा उपाय तुमच्यासाठी नाही.

उन्हाळ्याचं मात्र कोणी सांगत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. यांना २४ ते २८ हवं. गरम पाण्यात मासा जास्त चपळ, जास्त भुकेला, जास्त चिडका होतो आणि त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. दमलेल्या हरणाऱ्याला दम घ्यायलाही मिळत नाही. माझ्याकडे वर्षातले सगळ्यात जास्त ‘अचानक मारामारी वाढली’ म्हणणारे फोन याच दोन महिन्यांत येतात. झाकण थोडं उघडून जाळी लावा, पाण्यावरून छोटा पंखा फिरवा, दिव्याची वेळ सहा तासांवर आणा, एअर पंप वाढवा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत कमी, पण उतरतात. आणि हिवाळ्यातही हीटर २८ वर लावून ठेवू नका, २५ पुरे.

खाण्यावर फार बोलत नाही. पोट भरलं की भांडणार नाहीत, असं वाटून लोक ओततात. भांडण अन्नासाठी नसतं, जागेसाठी असतं. दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढं, स्पायरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य, टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका म्हणजे दादाला दोन्हीकडे एकदम उभं राहता येत नाही. मटण, काळीज वगैरे नको. शेवाळ खाणारं लांब आतडं आहे, ते सहन होत नाही. दबलेल्या माशाचं पोट फुगलं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबायला लागली, तर ती ताणामुळे होणाऱ्या पोटफुगीची सुरुवात असते. मारामारीत जखमेने मरण्यापेक्षा या ताणाने मरणारे जास्त.

कधी हात घालायचा आणि कधी बघत बसायचं? पाठलाग एका ठरावीक जागी येऊन थांबत असेल तर ती हद्द आहे, चालू द्या. दोघं समोरासमोर, दोघांचे रंग गडद, तोंडाला तोंड, तर ती बरोबरीची कुस्ती. तीही चालू द्या, एक जण रंग उतरवून मागे सरेल. रंग उतरला तरी दुसरा थांबत नसेल, हरलेला वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या धारेखाली नाहीतर हीटरमागे उभा राहू लागला असेल, खायला येत नसेल, तर तासभरही थांबू नका. कुरतडलेली शेपटी परत वाढते. खाणं सोडलेला मासा मात्र फारसा परत येत नाही.

आता तुमच्या टाकीचा कार्यक्रम. एखादा पूर्ण दिवस मोकळा ठेवा. दुकानदाराशी आधी बोलून नवे मासे ठरवा: तिन्ही जाती, दीड-दोन इंचाच्या, सगळ्या साधारण एका मापाच्या. जाती नावाने मागा आणि ‘मिक्स’वर हात ठेवू नका. आठवडाभर वेगळ्या टाकीत किंवा टपात ठेवता आले तर उत्तम, निदान आजार घरात येत नाही. मग काळा, दोन्ही पट्टेवाले आणि निळा बाहेर काढा. पकडण्यासाठी जाळी घेऊन टाकीभर धावू नका. सगळे दगड आधी बाहेर काढा, पाणी एक तृतीयांशावर आणा, मग पकडा. पाच मिनिटांत होतं. दगड बाहेर आलेच आहेत तर ते नव्याने, वेगळ्या जागी रचा. नारिंगी दोघं टाकीतच राहणार असतील तर त्यांना उठून आपलं गाव ओळखता येता कामा नये. ताजं पाणी भरा, दिवा बंद ठेवा, संध्याकाळी नवे मासे सगळे एकदम सोडा. एकेक करून नाही. एकटा आलेला नवा मासा म्हणजे मैदानात उतरवलेला बळी. दिवा दुसऱ्या दिवशी दुपारी लावा.

नारिंगी दोघं बहुतेक रेड झेब्रा असावेत. मोठे असतील, नव्यांना दाबत असतील तर त्यांतल्या दादाला चार-पाच दिवस टाकीतच तरंगत्या जाळीच्या पेटीत ठेवा. तेवढ्या दिवसांत त्याची जागा इतरांनी वाटून घेतलेली असते आणि बाहेर आल्यावर त्याला नव्याने जागा मिळवावी लागते. हा उपाय मध्यम तापट माशावर चालतो. ऑराटसवर दोन दिवस टिकतो.

बाहेर काढलेले चौघं दुकानात परत द्या किंवा सहा फुटी टाकीवाल्या कोणाला द्या. तळ्यात, नदीत, विहिरीत सोडू नका. कोणी म्हणेल आफ्रिकेतला मासा इथे काय जगणार. उजनीच्या काठी चिलापी खाल्लीये ना? ती आफ्रिकेतली तिलापिया, तुमच्या काळ्याचीच भावकी, १९५० च्या दशकात भारतात आणलेली. आता आपल्या धरणांतून ती हलत नाही. सगळेच सिक्लिड परके नाहीत हेही खरं. कोकण-गोव्यात तळून खातात तो खाडीतला कालुंदर आपलाच, आणि जोडीने पिल्लं राखताना त्याचाही पवित्रा बघण्यासारखा असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की हेच सगळं मित्राच्या फ्लॉवरहॉर्नला, म्हणजे त्या कपाळावर टेंगूळ असलेल्या संकरित सिक्लिडला, लागू पडेल का. नाही. फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवायचा, विषय संपला. मध्य अमेरिकेतले कॉन्विक्ट, जॅक डेम्प्सी वगैरे सिक्लिड जोडी जमवून पिल्लं राखतात. तिथे दाटी केली तर जोडी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडते आणि कधी कधी नर स्वतःच्या मादीलाही सोडत नाही. तिथे मधली जाळीची भिंत, नाहीतर वर सतत पळणारे जायंट डॅनिओंसारखे चपळ मासे उपयोगी पडतात. त्यांना कधी पकडता येत नाही आणि जोडप्याला एकमेकांऐवजी चिडायला दुसरं काहीतरी मिळतं. पण तो वेगळा विषय.

राहिला पिवळा. त्याला घाईने परत सोडू नका. बादलीतलं निम्मं पाणी रोज बदला, आणि बादली अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा, येता-जाता मुलीने झाकण उघडून बघितलं नाही तर बरं. पहिले दोन दिवस खाणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाद्य टाकल्यावर वर आला की समजा वाचला. शेपटीची पांढरी किनार दोन-तीन आठवड्यांत भरून येते. किनारीवर कापसासारखं काही दिसलं तर मात्र बुरशीचं औषध सुरू करा. नवे मासे टाकीत रुळून, दगड वाटून झाल्यावर, तो नव्या येलो लॅबच्या बरोबरीचा किंवा किंचित मोठा असताना, रात्री दिवा बंद करून त्याला सोडा. त्या रात्री फिल्टरच्या धारेखाली उभा दिसला तर काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी खायला खाली उतरतो का, ते बघा.